स्पीकर दोन, मग गायिका डाव्या कोपऱ्यातच का? (स्टिरिओ, स्पीकरची जागा आणि आपला हॉल)

रविवार_सकाळ

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून या दिवाळीत बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि अँप (अँप्लिफायर) घेतला. दुकानात ऐकलं तेव्हा गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथे, उभी राहून गात होती. तबला उजवीकडे, जरासा मागे. मी उठून त्या रिकाम्या जागेपर्यंत जाऊन आलो, इतकं ते खरं वाटलं.

घरी आणल्यावर तीच बाई, तेच गाणं, पण ती डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मध्ये कुणीच नाही. तबला नक्की कुठे आहे ते सांगता येत नाही. खालचे सूर घुमतात ते वेगळंच.

हॉल १० बाय १५ फूट, उंची साडेनऊ. डोंबिवलीतला नेहमीसारखा फ्लॅट. १५ फुटी भिंतीवर टीव्ही, त्याखाली युनिट, युनिटच्या दोन टोकांना स्पीकर. डावा स्पीकर बाल्कनीच्या सरकत्या काचेपासून जेमतेम फूटभर. उजव्या स्पीकरच्या पलीकडे चार फूट भिंत, मग पॅसेजची मोकळी जागा. दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे. समोर सोफा, तोही पाठीमागच्या भिंतीला टेकलेला. खाली टाइल्स, पडदे पातळ.

दुकानातून सल्ला मिळाला की केबल बदला, १८ हजारांची आहे. घ्यावी का? की दोष खोलीचा आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टेपपट्टी

केबल घेऊ नका. आधी फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी करा.

अँपच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल करा आणि तेच गाणं लावा. बाई उजवीकडे गेली तर दोष अँपमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्ये. तरीही डावीकडेच राहिली तर दोष खोलीचा, तारेचा किंवा एखाद्या स्पीकरचा. मग स्पीकरची पेटी तारेसकट उचलून इकडची तिकडे ठेवा. तरीही डावीकडेच? मग खोलीच.

दुसरं म्हणजे जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. त्यात दोन्ही स्पीकरमधून हुबेहूब एकच आवाज येतो, म्हणजे सगळं गाणं मध्ये एका बिंदूतून आलं पाहिजे. ते पसरट ऐकू आलं, एका बाजूला ओढलं गेलं, तर ते तुमच्या घरात घडतंय, गाण्यात नाही. स्टिरिओ गाण्यावर हे तपासता येत नाही, कारण मुळात काय कुठे ठेवलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

मोनोप्रेमी

टेपपट्टींना अनुमोदन. ५०-६० च्या दशकातली बरीचशी भावगीतं मोनोच आहेत, त्यांच्यासारखी कसोटी नाही. स्पीकर नीट लागले की एकाच बिंदूतून येणाऱ्या त्या आवाजातही मागेपुढे कळायला लागतं. गाणारा पुढे, व्हायोलिनं मागे. लोक मोनोला जुनाट समजतात त्याचं फार वाईट वाटतं.

गोधडी

मलाही हाच त्रास आहे. वाचतेय.

डावा_कान

कानही तपासून घ्या, गंभीरपणे सांगतोय. गेल्या वर्षी माझा गायक हळूहळू डावीकडे सरकायला लागला. महिनाभर स्पीकर हलवत बसलो. शेवटी उजव्या कानात मळ निघाला. तो काढल्यावर गायक परत मध्ये. सोपी तपासणी आहे: हेडफोन उलटे घाला. आवाज डोक्याच्या त्याच बाजूला ओढत राहिला तर कान, बाजू बदलली तर गाणं किंवा हेडफोन.

निवृत्त_ध्वनीमुद्रक

चांगला धागा. आयुष्यभर हेच काम केलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध्ये उभी असलेली ती बाई आपला मेंदू तयार करतो. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी पोचतो आणि थोडा मोठा पोचतो. दोन कानांमधला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकावर आपण रस्त्यात मागून येणारी रिक्षा कुठल्या बाजूने येतेय ते ओळखतो. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज एकाच वेळी, एकाच ताकदीने आला की मेंदूला कुठलीच बाजू मिळत नाही. मग तो ठरवतो, की आवाज मध्ये आहे. स्टिरिओचा सगळा डोलारा या एका निवाड्यावर उभा आहे.

इंग्लंडमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये याचं पेटंट मागितलं. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की सिनेमा बघताना पडद्यावरचा नट एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं. आवाजाने माणसाच्या मागे जायला हवं, इतकी साधी ती इच्छा होती. बेचाळीस साली विमान अपघातात ते गेले. स्टिरिओ एलपी (तबकडी) घरोघरी पोचायला सुरुवात झाली ती १९५८ पासून, ते काही त्यांनी पाहिलं नाही.

आता तुमची काच. डाव्या स्पीकरचा आवाज थेट तुमच्याकडे येतो आणि काचेवर आपटून दुसऱ्यांदाही येतो. हा दुसरा आवाज पुरेसा उशिरा आला तर मेंदू दिशेसाठी तो जमेत धरत नाही, पहिल्याचीच दिशा मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात यावरच काम केलं, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. पण दुसरा आवाज एखाद्या मिलिसेकंदाच्या आत आणि जवळपास तितक्याच जोरात आला, तर मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि जागा सरकते. डावीकडे काच, उजवीकडे मोकळं. बाई कुठे सरकणार?

रविवार_सकाळ

सगळ्यांचे आभार. तारा बदलल्या, बाई डावीकडेच. पेट्या बदलल्या, तरी डावीकडेच. हेडफोन उलटे घालून पाहिले, कान ठीक आहेत. मोनो गाणं लावलं तर आवाज डाव्या स्पीकरपासून टीव्हीच्या मध्यापर्यंत लांबच लांब पसरलेला. म्हणजे खोलीच. १८ हजार वाचले!

पण काच तर काढता येणार नाही.

टेपपट्टी

काच राहू द्या. स्पीकर काचेपासून लांब न्या. तुमच्या मापांवरून हिशेब मांडला. स्पीकर एकमेकांपासून साडेसहा फूट आणि तुम्ही त्यांच्या रेषेपासून ६ फुटांवर बसलात असं धरलं.

आत्ता: डाव्या स्पीकरचा थेट आवाज ६.८ फूट चालतो, काचेवरून आलेला सुमारे ८ फूट. फरक सव्वा फुटाच्याही आत. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे हा फरक बरोबर १ मिलिसेकंदाच्या आसपास. अंतरामुळे होणारी घट फक्त सव्वा-दीड डेसिबल. ध्वनीमुद्रक काकांनी सांगितलेला सगळ्यात वाईट प्रकार तो हाच.

तोच स्पीकर काचेपासून ४ फुटांवर आणला तर काचेवरून येणारा आवाज पावणेतेरा फूट चालतो. ५ मिलिसेकंदांहून जास्त उशीर, आणि ५ डेसिबलहून जास्त घट. त्यात काचेवर जाड पडदा ओढलात तर वरच्या सुरांची धार आणखी बोथट होईल.

गंमत बघा, १५ फुटी भिंतीवर डावा ४ फुटांवर ठेवला की उजवा साडेदहावर येतो. त्याच्या पलीकडे साडेचार फूट उरतात. म्हणजे जोडी जवळजवळ मध्यावर आली.

रविवार_सकाळ

पण ४ फुटांवर टीव्हीच आहे. डावा स्पीकर थेट पडद्यासमोर येईल. आई संध्याकाळी मालिका बघते.

कडप्पा

मग स्पीकर कायमचे तिथे ठेवायचेच कशाला? मी गेली आठ वर्षं हलवतोच. ऐकायच्या वेळी पुढे, झालं की भिंतीशी.

स्टँड महाग वाटत असतील तर फरशीवाल्याकडून कडप्प्याचे तुकडे कापून घ्या. खाली १४ बाय १२ इंच, वर पेटीच्या मापाचा, मध्ये भक्कम सागवानी खांब. जड असतो, हलत नाही. पेटीखाली चार कोपऱ्यांना रबराचे पातळ तुकडे. उंचीचं एकच गणित आहे: तुम्ही खुर्चीत बसल्यावर तुमचा कान आणि ट्विटर (पेटीतला वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) एका पातळीत. टीव्ही युनिटवर ठेवलेले स्पीकर बहुधा गुडघ्याशी गातात, आणि युनिटच्या लाकडी पाटावरून आवाज उसळतो तो वेगळाच. तुमच्या बाईच्या आवाजाची धार तिथेही जात असेल.

दर वेळी हलवायला नको वाटत असेल तर निदान एकदा तिथे ठेवून ऐका. मग ठरवा.

बर्फातला_मराठी

टोरंटोहून लिहितोय. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, भिंती जिप्सम बोर्डाच्या. तेच स्पीकर मी ठाण्याच्या घरीही वापरले होते. इथल्या भिंती खालच्या सुरांबरोबर किंचित हलतात आणि त्यातली बरीच ताकद खाऊन टाकतात. शिवाय काही आवाज बाहेरही निघून जातो. ठाण्यातल्या आरसीसी भिंती काहीच खात नाहीत, सगळं परत खोलीत फेकतात. म्हणून परदेशी व्हिडिओंतले सल्ले जसेच्या तसे लावू नका. त्यांच्याकडे एक गालिचा पुरतो, आपल्याकडे नाही.

खर्जसाधना

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी गाणं शिकते, बैठकी खूप ऐकते. दहा-बारा फुटांवर बसून ऐकताना तबला 'तिकडे' आणि बाजाची पेटी 'इकडे' अशी मनात कधीच वाटणी होत नाही. सगळं एक होऊन येतं, तानपुऱ्याच्या अंगावर बसून. तुमच्या या मापांमध्ये गाणं कुठे राहिलं? सूर लागला की मला ती बाई डावीकडे असली तरी चालते.

निवृत्त_ध्वनीमुद्रक

खर्जसाधना, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. तरी एक सांगतो. बैठकीत तुम्ही 'एक होऊन' ऐकता, कारण सगळं खरोखर तिथे असतं आणि मेंदूला काही शोधावं लागत नाही. स्पीकरवर जागा विस्कटली की मेंदू ती शोधत राहतो, आणि तेवढी शक्ती गाण्यातून कमी होते. जागा नीट लागली की शोध संपतो.

तानपुऱ्याचंच घ्या. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाजाने बारीक असतो. गाणाऱ्याच्या आणि तानपुऱ्याच्या जागा एकमेकांवर आल्या तर तानपुरा बुडतो. तो थोडा मागे आणि दोन्ही बाजूंना पसरलेला ऐकू आला तर तोच बारीक आवाज स्पष्ट होतो, खर्जाच्या तारेतला गंधारसुद्धा. आवाज न वाढवता! हे एकदा ऐकून बघा आणि मग सांगा.

खर्जसाधना

खर्जातला गंधार ऐकू येणार असेल तर मी माप घ्यायला तयार आहे. टेपपट्टी, माझी खोली १० बाय १० आहे. काय करू?

टेपपट्टी

चौरस खोली अवघड. लांबी आणि रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांचा घुमारा एकाच सुरावर येतो. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट असतील तर तो ५६ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे दुप्पट जोर. स्पीकर एका भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, पाच-साडेपाच फूट अंतरावर ठेवा आणि जवळून, पाच-साडेपाच फुटांवरून ऐका. बरोबर मध्यावर, ५ फुटांवर मात्र बसू नका, तिथे तो सूर नाहीसाच होतो. भिंतीला टेकूनही नाही, तिथे तो सगळ्यात जास्त. साधारण ३८ टक्क्यांचा नियम सांगतात, म्हणजे मागच्या भिंतीपासून ३ फूट १० इंच. सुरुवात तिथून करा आणि खुर्ची इंच इंच सरकवा.

सेटिंग_ऑटो

एवढी उठाठेव कशाला? हल्लीच्या अँपना माइक लावला की ते खोली मोजून आपोआप दुरुस्ती करतात. पाच मिनिटांचं काम. आजच्या जमान्यात कोण टेप आणि सुतळ्या घेऊन मोजत बसतं?

टेपपट्टी

मीही वापरतो, आणि घुमारा कमी करायला ते उत्तमच आहे. पण दोन गोष्टी त्याला जमत नाहीत. स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवरून परत येऊन थेट आवाजाला मारतो, तो खड्डा भरता येत नाही. पेटीचं तोंड भिंतीपासून २ फुटांवर असेल तर हा खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका पुरुषाच्या आवाजात आणि डग्ग्यात. तिथे आवाज वाढवला तर परत येणाराही तितकाच वाढतो आणि पुन्हा मारतो. दुसरं, काचेवरून आलेला आवाज आधीच निघालेला असतो, त्याला कोणताही संगणक मागे बोलावू शकत नाही.

आधी जागा, मग मऊ सामान, आणि मग माइक. उलटं केलं की फसगत होते.

आणि सुतळीबद्दल: दोन्ही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघायला सुतळीसारखं साधन नाही. खुर्चीच्या पाठीला एक टोक बांधा, दुसरं एका ट्विटरपर्यंत नेऊन गाठ मारा, तीच गाठ दुसऱ्या ट्विटरला टेकते का बघा. तुम्ही फूटभर डावीकडे सरकून बसलात तर डावा स्पीकर ०.८ मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळं गाणं त्याच्यात जाऊन बसतं. त्यामुळे इंचाचीही किंमत आहे.

चार_इंची

आवाज शोषणाऱ्या पॅनेलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अंड्यांचे ट्रे लावू नका. पातळ कागद आहे तो, फक्त अगदी वरचे सूर थोडे विखुरतो, आणि पेट घेतो ते वेगळंच. एक इंची काळा फोमही तसाच, वरचं खातो आणि खालचं तसंच ठेवतो. खोली मुकी होते आणि घुमारा कायम.

मी काय केलं: घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), दोन-दोन इंचांचे दोन थर, ४ बाय २ फुटांची लाकडी चौकट, वरून मांजरपाट. मांजरपाट का? तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. हवा गेली तर आवाजही आत जातो. रेक्झिन किंवा जाड सॅटिन लावलं तर आवाज वरूनच परत. हातमोजे आणि मास्क घालून काम करा, रॉकवूल फार चावतं. भिंतीपासून चार इंच सोडून टांगलं तर आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतं.

लावायचं कुठे ते आरशाने ठरवा. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसला, तिथून आवाज उसळतोय. तिथे खडूने खूण करा.

बर्फातला_मराठी

आरशाची युक्ती उत्तम, पण तिथे पॅनेल लावलंच पाहिजे असं नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना डोळ्यांआड स्पीकर ऐकवले. त्यांचं म्हणणं असं, की स्पीकरचा बाजूला जाणारा आवाजही समोरच्यासारखाच गुळगुळीत असेल तर बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज बऱ्याच श्रोत्यांना आवडतो. गाणं मोठं, मोकळं वाटतं. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे झालं. मी बाजूच्या भिंती उघड्या ठेवल्यात आणि पॅनेल फक्त पाठीमागे लावलंय. मला बारीक बिंदूपेक्षा मोठा रंगमंच आवडतो.

चार_इंची

मोठ्या खोलीत मान्य. आपल्या १० फुटी खोलीत बाजूची भिंत इतकी जवळ असते की तो रंगमंच न राहता गोंधळ होतो. मी दोन्ही करून पाहिलंय आणि माझं मत पॅनेलच्या बाजूने. पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात, हे शंभर टक्के.

परसातला_फणस

थोडं अवांतर. मे महिन्यात गावी, राजापूरजवळ, लहान स्पीकर नेले होते. माजघरात ओबडधोबड जांभ्याच्या भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, खाली सारवलेली जमीन. मापं वगैरे काही घेतली नाहीत, दोन स्टुलांवर ठेवले. आणि आवाज असा उभा राहिला की शेजारच्या काकू "कोण आलंय गायला?" म्हणून डोकावल्या. मुंबईच्या घरात एवढं करून असं होत नाही. कुणी सांगेल का असं का?

निवृत्त_ध्वनीमुद्रक

कारण तिथे समोरासमोर दोन गुळगुळीत, समांतर पृष्ठभाग नाहीत. जमिनीच्या समोर उतरतं छप्पर आहे, आणि कौलांच्या फटींतून खालचे सूर बाहेर जातात. बिनगिलाव्याचा जांभा भोकाभोकांचा असतो, तो आवाज विखुरतो आणि थोडा खातोही. घरी परत गेलात की हॉलमध्ये मधोमध उभं राहून टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला तर दोन समांतर भिंती त्या टाळीचा चेंडू करून खेळतायत. माजघरात वाजवा, नुसतं 'टप्'. पुस्तकांचं भरलेलं कपाट एका भिंतीला ठेवलंत तर मुंबईतही ती शेपटी तुटते. पुस्तकं पुढेमागे असू द्या, रांगेत आणू नका.

गोधडी

माझ्याकडे रॉकवूल नाही, पण आजीच्या वेळच्या कापसाच्या दोन जाड गाद्या माळ्यावर आहेत. चालतील का? कोपऱ्यात उभ्या केल्या तर?

चार_इंची

धावतील! कापूस चांगला शोषतो. गादी दाबून टणक झाली असेल तर आधी पिंजून घ्या. कोपऱ्यात उभी करा, मागे पोकळी राहू द्या.

निवृत्त_ध्वनीमुद्रक

गोधडी, तुम्ही फार थोर परंपरेत आहात. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं. शब्द इतके घुमायचे की काही समजायचं नाही, साडेपाच सेकंद आवाज विरत नसे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि हातात घड्याळ धरून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. थोड्या गाद्या, पुन्हा मोजणी, आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळी थिएटर उघडायच्या आत सगळ्या परत जागेवर. आज जगभर खोलीचा घुमारा ज्या सूत्राने काढतात ते त्या गाद्यांमधून निघालं.

गोधडी

हे वाचून अंगावर काटा आला. रविवारी गाद्या खाली काढते.

गोधडी

गाद्या लावल्या. घुमारा खूपच कमी. पण मधला आवाज अजून नाहीच, डोक्याच्या आतबाहेर कुठेतरी तरंगतो, बाजूही सांगता येत नाही. आणि ढोलकी पातळ वाटते.

टेपपट्टी

एका स्पीकरच्या मागच्या तारा बघा. लाल आणि काळी उलट लागली आहे का?

गोधडी

हो! उजव्या स्पीकरला उलट होती. बसवायला आलेल्या माणसाने लावली होती, दोन वर्षं तशीच. सरळ केली आणि गाणारी एकदम समोर येऊन बसली. ढोलकीला पोट आलं. मी खरंच रडले हो. हे गाणं मी दोन वर्षं अर्धंच ऐकत होते.

टेपपट्टी

एक पेटी पुढे ढकलत असते तेव्हा दुसरी मागे ओढत असते, म्हणून खालचे सूर एकमेकांना खातात आणि मध्य नाहीसा होतो. नवीन जोडणी केली की सगळ्यात आधी हेच बघावं. मी रविवार_सकाळ यांना हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं.

कडप्पा

रविवार_सकाळ, तुमचं काय झालं? धागा तुमचा आहे.

रविवार_सकाळ

आलो आलो. तीन रविवार याच कामात होतो. (तारा तपासल्या, सरळच होत्या.)

डबल कडप्प्याचे स्टँड करून घेतले. स्पीकर काचेपासून ४ फूट, पेटीचं तोंड मागच्या भिंतीपासून २ फूट. सोफा तिथेच, पण ऐकायला वेताची खुर्ची, मागच्या भिंतीपासून २ फूट पुढे. बाल्कनीला जाड पडदा शिवून घेतला, पॅसेजच्या तोंडाशी कपड्यांच्या घोड्यावर रजई टाकतो, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. खुर्चीच्या पुढे टाइल्सवर जाड सतरंजी.

टेपपट्टींच्या सुतळीने उजवा स्पीकर पाऊण इंच मागे असल्याचं निघालं. सरळ केला. मग टो-इन, म्हणजे पेट्या किती आत वळवायच्या ते. आधी पेट्या सरळ समोर ठेवल्या: मोठं, पण धूसर. मग माझ्या नाकाकडे वळवल्या: बिंदू आला, पण सगळं आक्रसलं आणि 'स' टोचायला लागला. मग दोन्ही खांद्यांच्या थोडं बाहेर वळवल्या. पेटीची आतली बाजू किंचित दिसते इतपत.

आणि मंडळी, बाई मध्ये आली. टीव्हीच्या डावीकडे नाही, काचेजवळ नाही. मध्ये, माझ्या तोंडाच्या उंचीला. कडव्याच्या आधी तिने घेतलेला श्वास ऐकला, आणि तो श्वासही मध्येच होता. तबला उजवीकडे मागे, दुकानात होता तसाच. थाप आणि डग्गा दोन वेगळ्या हातांचे आहेत हे मला पहिल्यांदा कळलं.

आईला खुर्चीत बसवलं. तिला काही सांगितलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, मग हात उचलून दोन स्पीकरमधल्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही इथे बसलीय ना?" तिथे कॅलेंडर आहे.

मालिकेच्या वेळी स्पीकर मागे सरकवतो. परत नेमक्या जागी यावेत म्हणून आईने आपल्या टिकल्यांचं पाकीट दिलं. स्टँडच्या चार कोपऱ्यांशी टाइलवर चार टिकल्या, खुर्चीच्या पायांशी दोन. फरशी पुसताना त्या टिकल्या सोडून पुसायचं, असं आईनेच मावशींना सांगितलंय.

खर्जसाधना

टिकल्यांची कल्पना फारच आवडली. माझ्या १० बाय १० मध्ये काल रात्री साडेपाच फुटांवर बसले. निवृत्त काका, खर्जाच्या तारेतला गंधार आला. तानपुरा गाणाऱ्याच्या मागे, दोन्हीकडे. मी दोन तास उठले नाही. बैठकीत ऐकते तसंच, एक होऊन आलं. मी तेव्हा जे म्हटलं होतं ते मागे घेते.

निवृत्त_ध्वनीमुद्रक

मागे घेऊ नका. एक होऊन येणं हेच खरं. आम्ही माइक लावताना त्यासाठीच तर इंच इंच सरकवायचो.

सेटिंग_ऑटो

सुतळी आणली. डाव्या-उजव्यात ४ इंचांचा फरक निघाला. आधी तो काढतो, मग माइक लावतो.

डावा_कान

रविवार_सकाळ, टिकल्यांमधली मापं देता का? आमचाही हॉल १० बाय १५ च आहे, काच मात्र उजवीकडे.

रविवार_सकाळ

दोन ट्विटरमधलं अंतर ६ फूट ५ इंच, प्रत्येक ट्विटरपासून कानापर्यंत ६ फूट ९. डावा ट्विटर काचेपासून ४ फूट १ इंच. तुम्ही उजवीकडून मोजा. टिकल्या मोठ्या घ्या, लहान निघून जातात.